डबा गळतो का बॅटर पळतं?

मागच्या अंकात केळ्याच्या केकची कृती दिली होती आणि त्यात मी सहज लिहून गेले की स्प्रिंगफॉर्म टिन असेल तर तोच घ्या, केक काढायला सोपा जातो, आणि गळू नये म्हणून बाहेरून फॉइल गुंडाळा. झालं! महिनाभर पत्रं येतायत ती एकाच गोष्टीची, केक गळला, ओव्हन भरला, धूर झाला, आता काय करू. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न, बिबड्यांचे नि लोणच्याचे, बाजूला ठेवले, सगळी जागा गळणाऱ्या डब्यांना दिली. ज्यांनी हा टिन पाहिला नाही त्यांच्यासाठी, याचा तळ सुटा असतो, कडं सुटं असतं, कड्याला बाहेरून एक चाप असतो, चाप उघडला की कडं सैल होतं आणि केक न उलटवता बाहेर येतो. लूज बॉटम म्हणजे तसाच सुटा तळ, पण चाप नसतो, खालून ढकलून काढायचा. दोन्हीत तळ नि कड्यामध्ये फट असतेच, ती कितीही बारीक असो.

प्रश्न : ताई, मुलीच्या वाढदिवसासाठी ८ इंची स्प्रिंगफॉर्म टिन आणला. चॉकलेट केक केला, तो शेवटी गरम पाणी ओतून करतात ना तो. ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, ठेवून पाच-सात मिनिटं झाली नसतील तर खालून टपटप टपटप सुरू, सगळं खालच्या तापलेल्या रॉडवर, घरभर धूर. आमच्या आजेसासूबाई बाहेरच्या खोलीतून आल्या नि म्हणाल्या, "हाई काय शे वं माय? बिगर बुडना भांडामा कोनी रांधस का?" (हे काय गं बाई, बिनबुडाच्या भांड्यात कोणी रांधतं का?) आता घरातले सगळे हेच म्हणून चिडवतात. दुकानदार म्हणतो डबा एकदम चांगला आहे, तुम्हाला लावता आला नाही. नक्की चुकलं कुठे? (अमळनेर)

उत्तर : आधी आजींना माझा नमस्कार सांगा, कारण त्या बरोबरच बोलल्या. तो गरम पाण्याचा चॉकलेट केक असतो ना, त्याचं बॅटर ताकासारखं पातळ असतं, ते सुट्या तळाच्या डब्यात घालायचंच नाही, मग डबा कितीही भारीतला असो. त्याला साधा, एकसंध बुडाचा डबा, आत तळाला गोल बेकिंग पेपर, संपला विषय. तुमची चूक असलीच तर ही एवढीच. डबा लावायचा राहिला असेल तर तेही बघू.

पण गळतं का, ते जरा नीट सांगते, कारण हे कळलं की पुढचे निम्मे उपाय आपले आपल्याला सुचतात. आपल्याला वाटतं ओव्हनमध्ये ठेवलं की बॅटर लगेच घट्ट व्हायला लागतं. तसं नसतं. आधी ते आणखी पातळ होतं! बटर ३२ ते ३५ अंशांनाच वितळतं, साखर विरघळते, तेल मोकळं होतं, आणि मैद्यातला स्टार्च नि अंड्यातली प्रथिनं धरायला लागतात ती ६०-७० अंशांच्या पुढे. या मधल्या वेळात, म्हणजे साधारण पहिल्या दहा मिनिटांत, बॅटर सगळ्यात पातळ असतं आणि जी काही फट असेल ती शोधून काढतं. म्हणून तुमचं पाच-सात मिनिटांनी टपटपायला लागलं, ओट्यावर भरून ठेवलं होतं तेव्हा गळलं नव्हतं ना? मग तेच. एकदा कडेचं बॅटर धरलं की गळती आपोआप बंद होते, पुढे अर्धा तास एक थेंब पडत नाही.

आता डबा. नवीन असो जुना असो, पहिल्यांदा पाणी भरून बघायचं. चाप लावा, ताटात ठेवा, अर्धा डबा पाणी घाला आणि दहा मिनिटं दुसरं काम करा. अगदी बारीक पाझर आला तर घाबरू नका, पाणी बॅटरपेक्षा फार पातळ असतं, घट्ट बॅटर तिथून जाणार नाही. पण ताटात धारच लागली असेल तर डबा नीट बसलेला नाही किंवा कडं वाकलंय. चाप हातात धरून हवेत लावायची सवय असते आपल्याला, तसं करू नका, तळ सपाट ओट्यावर ठेवा, त्यावर कडं उघडं ठेवा, तळाची कड कड्याच्या आतल्या खाचेत सगळीकडून बसली का ते बोट फिरवून बघा, मग वरून दाबून धरत चाप लावा. ती खाच म्हणजे खरी भानगड, मागच्या केकचं जळकं बॅटर तिथे अडकून बसतं, वरवर घासून निघत नाही, मग तळ एका बाजूने केसभर वर राहतो आणि तिथूनच गळतं. जुना टूथब्रश नि गरम पाणी. माझ्या स्वतःच्या डब्याला मी दोन वर्षं नावं ठेवत होते, एक दिवस दाभणाने खाच कोरली तर वर्षभराचे केक निघाले त्यातून.

अजून एक, तळाला एका बाजूने उभी कड असते, ती वर ठेवायची का खाली यावर बायका भांडतात. कड खाली केली की केक सरकवून काढायला सोपा जातो हे खरंय, मी पण घट्ट केकला तसंच करते, पण काही डबे उलट्या तळाने जास्त गळतात. म्हणून ज्या बाजूने वापरणार त्याच बाजूने पाणी भरून बघा, भांडण मिटलं.

तरी गळत असेल तर कागद. तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन बोटं मोठा बेकिंग पेपर तळावर अंथरायचा, त्यावर कडं ठेवून चाप लावायचा, कागद फटीत ताणून धरला जातो आणि वॉशरसारखं काम करतो. बाहेर आलेला कागद कापून टाका किंवा राहू द्या. माझ्या मते सगळ्या उपायांत हाच पहिला नि बहुतेक वेळा शेवटचाही.

आणि ज्यांचा डबा कागदालाही दाद देत नाही त्यांच्यासाठी आपला घरचा उपाय, कणीक. बिर्याणीच्या भगोन्याचं झाकण आपण कणकेने लिंपतो ना, अगदी तसंच. घट्ट कणीक मळून तिची लांब वळी करायची आणि डब्याला बाहेरून, खाली जिथे तळ नि कडं भेटतात तिथे, सगळीकडून दाबून बसवायची. ओव्हनमध्ये ती भाजून कडक होते, केक झाला की बत्त्याने हलकेच ठोकली की निघते. आधी कणीक काढा, मग चाप उघडा, नाहीतर चाप हलणार नाही नि तुम्ही मला शिव्या द्याल. दिसायला गावंढळ दिसतं, पाहुण्यांसमोर करू नका, पण चालतं.

फटीत बटर चोपडून डबा फ्रीजमध्ये ठेवा असंही काही जणी सांगतात. मला ते पटत नाही. बटर वितळणार ३५ ला आणि बॅटर धरणार ६०च्या पुढे, मग ऐनवेळी तो बांध कुठे असणार? त्यापेक्षा दोन-तीन चमचे बॅटर वेगळं काढून त्यात चमचाभर मैदा मिसळा, ते फटीवरून आतून बोटाने फिरवा आणि तापलेल्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं ठेवून घ्या. ते धरलं की मग बाकीचं ओता. जरा खटाटोप आहे पण सगळा केक रॉडवर सांडण्यापेक्षा बरा.

दुकानदाराचं म्हणाल तर, डबा परत घेत नसेल तर नसू दे, घट्ट बॅटरच्या केकला वापरा.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की गळू नये म्हणून फॉइल गुंडाळा. मी दोन थर गुंडाळली. केक काढला तर फॉइलच्या आत बॅटरची भाकरी झालेली, आणि तळ कच्चा. फॉइलने गळती थांबते कशी ते समजावून सांगा. (शिरपूर)

उत्तर : थांबत नाही. तुमचं बरोबर, माझं चुकलं. फॉइल गळलेलं झेलते, गळू देत नाही असं नाही. ओव्हन घाण होत नाही एवढाच तिचा उपयोग. आणि ती चकचकीत असल्यामुळे उष्णताही परतवते, दोन थर म्हणजे तळाला आच उशिरा पोचणार, तळ कच्चा राहिला तो म्हणूनच. मी लिहिताना घाईत लिहिलं, त्याची शिक्षा तुम्हाला झाली.

फॉइल खरी लागते ती चीजकेकला, कारण तिथे उलटं संकट असतं, डब्यातलं बाहेर जाण्यापेक्षा बाहेरचं पाणी आत येण्याचं. चीजकेक पाण्याच्या परातीत ठेवून भाजतात, आच सौम्य लागावी नि वरून भेगा पडू नयेत म्हणून, आणि फॉइलला कुठे नखाएवढी चीर पडली तरी पाणी आत जातं नि बिस्किटाचा थर लापशी होतो. म्हणून मी फॉइलवर भरवसा ठेवतच नाही, स्प्रिंगफॉर्म ८ इंची असेल तर तो ९ किंवा १० इंची साध्या डब्यात बसवते आणि तो मोठा डबा पाण्यात. डबा डब्यात, पाणी बाहेर. मधे हवा असते त्यामुळे वेळ थोडा जास्त लागतो, लागू द्या.

प्रश्न : मी घरून केकच्या ऑर्डर घेते. थंडीत ज्या डब्यात, ज्या मापाने केक सुंदर होतो तोच मे महिन्यात हमखास गळतो. डबा तोच, कृती तीच, हात तोच. उन्हाळ्यात डबे पसरतात का? (भुसावळ)

उत्तर : डब्याला काही होत नाही हो, भुसावळचा मे महिना आहे तो! बाहेर ४४-४५ अंश आणि स्वयंपाकघरात त्यात ओव्हनची भर. कृतीत लिहिलेलं असतं "रूम टेंपरेचरचं बटर", ते लिहिणारा राहतो थंड देशात, त्याची रूम २०-२२ अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात रूम टेंपरेचरचं बटर म्हणजे तूप. वितळलेल्या बटरात साखर फेटून काही फुगत नाही, हवा धरली जात नाही, बॅटर चमच्यावरून ओघळतं, आणि असं बॅटर डब्यात गेलं की पहिली दहा मिनिटं जी पातळ असायची ती इथे ओव्हनच्या बाहेरच सुरू झालेली असतात.

उपाय साधे आहेत. फेटायचं काम सकाळी सहा-सातला उरकून घ्या. बटर फ्रीजमधून दहा-पंधरा मिनिटं आधी काढा, तासभर आधी नको, बोट दाबलं तर खळगा पडला पाहिजे पण बोट तुपकट व्हायला नको. भांडं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून फेटा. अंडी नि दूध फार गार नको, नाहीतर बटर एकदम गोठून बॅटर फुटतं, फ्रीजमधून काढून थोडा वेळ ठेवलं तरी पुरे, आपल्याकडे त्यांना गरम व्हायला किती वेळ लागतो! आणि ओव्हन आधी पुरता तापू द्या, मगच भरलेला डबा आत. अर्धवट तापलेल्या ओव्हनमध्ये डबा ठेवला तर ती पातळ असण्याची वेळ दुप्पट होते. जमलं तर ओव्हनमधला ट्रे पण आतच तापवा आणि डबा सरळ त्या तापलेल्या ट्रेवर ठेवा, तळाचं बॅटर लवकर धरतं आणि गळलंच तर ट्रेवर, रॉडवर नाही. हे मी थंडीत सुद्धा करते.

लाइट जायची भीती असेल तर दुपारी केक लावूच नका. पहिल्या दहा मिनिटांत लाइट गेली तर डबा गळतो पण आणि बसतो पण.

प्रश्न : आमच्याकडे घरचीच केळी, केळ्याचा केक म्हटलं की सासरे म्हणतात अजून दोन केळी टाक, वाया जातील. माझा केक खालून नाही, वरून उतू जातो. कुकरमध्ये करते, डबा ६ इंची. फुगतो मस्त, मग कडेवरून खाली येतो आणि मधे खड्डा. तुमचीच कृती, जशीच्या तशी. (रावेर)

उत्तर : "जशीच्या तशी" आणि "अजून दोन केळी", या दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहिल्यात म्हणून सांगते! जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे, पण तो सगळा एकाच केकमध्ये घालायचा नाही. कृतीत २ कप मैद्याला ३ मध्यम केळी आहेत. पाच घातली की गर जास्त, ओल जास्त, केक फुगायला बघतो पण त्याला उभं राहायला मैदा पुरत नाही. जास्तीच्या केळ्यांचे गुलगुले करा, सासरे खूश.

पण उतू जायचं मोठं कारण दुसरंय. माझी कृती ८ इंची डब्याची होती, तुमचा ६ इंची. ऐकायला दोनच इंचांचा फरक वाटतो, पण तळाचा हिशोब काढा, ६ इंचीचा तळ साधारण २८ चौरस इंच आणि ८ इंचीचा ५०. म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट! तेवढ्याच उंचीचा डबा असेल तर तुम्ही पावणेदोन डब्यांचं बॅटर एका डब्यात भरलंत. बॅटर अर्ध्याच्या वर आणि फार तर दोन तृतीयांशपर्यंत, वरचा भाग रिकामाच ठेवायचा असतो, तो केकच्या फुगण्याचा असतो.

आता डब्यात किती मावतं ते कसं कळणार? साध्या डब्यात पाणी मोजून घाला. सुट्या तळाच्या डब्यात पाणी थांबत नाही, म्हणून मी दादर, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, वापरते. दादरचे दाणे डब्यात काठोकाठ भरायचे आणि परत कपाने मोजत काढायचे. २ इंच उंचीच्या ६ इंची डब्यात चार कपांना थोडे कमी दाणे बसतात, तेवढ्याच उंचीच्या ८ इंचीत सातच्या आसपास. मग बॅटर त्याच कपाने मोजून घाला, चार कपांचा डबा असेल तर दोन ते अडीच कप बॅटर, उरलेलं वाटीत वेगळं लावा, मुलं तेच आधी खातात. एकदा हे माप काढलं की डब्याच्या बुडाला बाहेरून खिळ्याने आकडा कोरून ठेवा, परत दाणे मोजत बसायला नको.

तुम्ही सोडा किती घालता ते पत्रात लिहिलं नाही, पण फुगून खड्डा पडतो म्हणजे तिथेही बघायला पाहिजे. १ कप मैद्याला बेकिंग पावडर १ ते सव्वा छोटा चमचा, किंवा खायचा सोडा पाव छोटा चमचा. छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा, पोह्याचा चमचा नव्हे. आणि सोडा नि बेकिंग पावडर एकच समजून एकाच्या जागी दुसरं तेवढंच घालणारी मंडळी खूप आहेत, सोडा तीन-चारपट जोरदार असतो, त्यात केळं नि दही आंबट, भसाभसा फुगणार, बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होणार, कडेवरून बाहेर येणार, आणि मग आतलं धरायच्या आधीच खाली बसणार. चवीला साबणासारखा लागत असेल तर नक्की सोडाच. बॅटर तयार झालं की लगेच डब्यात घालून लगेच कुकरमध्ये, शेजारणीशी बोलत उभं राहू नका, सोड्याचा जोर बाहेरच संपतो.

प्रश्न : मी रूमवर राहतो, ओव्हन नाही. कुकरमध्ये तळाला मीठ घालून लूज बॉटम डब्यात केक केला. अर्धं बॅटर मिठात. आणि जो केक राहिला तो एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, उतारासारखा. हसू नका. (धुळे)

उत्तर : हसत नाही. थोडी हसले. कुकरमध्ये लूज बॉटम डबा नकोच, तिथे जागा कमी, आच खालून, आणि आत बघता येत नाही. स्वस्तातला उभट अ‍ॅल्युमिनियमचा डबा किंवा घरचं सपाट बुडाचं पातेलं घ्या, आतून तेल, तळाला कागद. मीठ बारीक वा जाडं कुठलंही चालतं, त्यावर स्टँड किंवा उलटी ताटली, मग डबा, डबा मिठाला टेकायला नको. पाणी घालायचं नाही, झाकणाची रिंग नि शिट्टी दोन्ही काढायच्या. आधी दहा मिनिटं मध्यम आचेवर रिकामा कुकर तापवा, मग डबा ठेवून अगदी मंद. बॅटर पडलेलं मीठ फेकून द्या, ते परत तापवलं की जळका वास येतो. एरवी तेच मीठ पुन्हा पुन्हा वापरता येतं, फक्त भाजीत टाकू नका.

उताराचं कारण बॅटरमध्ये नाही, तुमच्या ओट्यात किंवा शेगडीत आहे. आपल्याकडे ओटे मोरीकडे उतरते बांधतात, पाणी वाहून जावं म्हणून, आणि भाड्याच्या खोल्यांत तर विचारूच नका. शेगडीवर ताटलीत थोडं पाणी घालून ठेवा, पाणी कुठल्या बाजूला गोळा होतं ते दिसेल, त्या बाजूच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. सुट्या तळाचा डबा तर तिरका असला की एकाच बाजूच्या फटीवर सगळा भार येतो आणि तिथूनच गळतो, ओटीजीचा ट्रे वाकलेला असेल तरी हेच.

प्रश्न : बेकिंग पेपर आमच्याकडे पटकन मिळत नाही. वर्तमानपत्राला तेल लावून तळाला घातलं तर चालेल का? आई वर्षानुवर्षं तेच करायची. (शहादा)

उत्तर : नको. शाई केकला लागते. एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, पण २०१६ साली सांगितलंय की वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधू नका, ठेवू नका, आणि इथे तर आपण गरम तेलासकट ठेवणार. आपल्या आयांनी केलं, त्यांना दुसरं मिळत नव्हतं. कागद नसला तर डब्याला तूप किंवा बटर लावून वर मैदा भुरभुरवा नि जास्तीचा झटकून टाका, केक निघतो. फटीचं काम मात्र त्याने होत नाही, त्याला कणकेची वळीच. आणि दुकानातून बटर पेपर आणाल तेव्हा बेकिंगचा आहे का ते वाचून आणा, मेणाचा असेल तर ओव्हनमध्ये मेण वितळतं नि धूर होतो.

प्रश्न : श्रावणात अंडं नको म्हणून रवा केक करते, दही-दूध-रवा. सुट्या तळाच्या डब्यात थोडा तरी गळतोच. मैदा मिसळू का? (नंदुरबार)

उत्तर : मैदा राहू द्या, वेळ द्या. रवा दही-दुधात भिजवून लगेच डब्यात ओतला तर ओलावा वेगळा नि दाणे वेगळे असतात, दूध फटीतून जातं नि दाणे आत राहतात. पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा, रवा पाणी पिऊन घट्ट होतो, मग लागलं तर चमचा-दोन चमचे दूध घालून सारखं करा आणि सोडा किंवा इनो सगळ्यात शेवटी, डबा हातात घेतल्यावर. घट्ट म्हणजे किती? डुबुकवड्याचं, म्हणजे उकळत्या रश्श्यात सोडतात त्या बेसनाच्या वड्यांचं, पीठ आठवा, हातातून सोडलं की लोंबत पडतं, पसरत नाही. केकचं त्याहून जरा सैल, चमच्यातून पट्टीसारखं पडावं आणि पडल्यावर खालच्या बॅटरवर तिची खूण दोन-तीन सेकंद दिसावी. खूण लगेच पुसली जात असेल तर ते सुट्या तळाच्या डब्याचं बॅटर नाही. मैद्याच्या केकला पण हीच पारख, भुसावळच्या ताईंनी पण लक्षात ठेवावी.

प्रश्न : हे सगळं आधी करायचं झालं. आत्ता, या क्षणाला, केक ओव्हनमध्ये आहे आणि खाली टपकतोय, तेव्हा काय करायचं ते कोणीच सांगत नाही! (चाळीसगाव)

उत्तर : खरंय. पहिलं म्हणजे डबा उचलू नका, उचलला की तळ कड्यापासून आणखी सुटतो नि टपटपची धार होते. मी एकदा घाबरून सांडशीने एका बाजूने धरून ओढला होता, तळ राहिला जाळीवर, कडं माझ्या हातात आणि बॅटर चपलांवर. तर डबा तिथेच असू द्या, हातमोजे घाला, दार थोडंसंच उघडा आणि डब्याच्या खालच्या खणात रिकामा ट्रे सरकवा, दार लावा. ट्रेवर पडलेलं नुसतं भाजतं, मुलं ते बिस्किटासारखं खातात. खालच्या रॉडवर फॉइल अंथरायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका, रॉडची उष्णता अडते नि ओव्हन खराब होतो. रॉडवर आधीच बरंच पडलं असेल आणि दाट धूर असेल तर ओव्हन बंद करा, प्लग काढा, दार बंदच ठेवा, ज्वाळ दिसली तर अजिबात उघडू नका. धूर थोडाच असेल तर खिडकी उघडा नि चालू राहू द्या, दहा मिनिटांत गळती थांबते.

केकचं काय? पाव भाग गेला असेल तर बाकीचा चांगला होतो, बुटका होतो इतकंच, पाच-सात मिनिटं आधीच सुरी घालून बघायला लागा. सफाई ओव्हन पूर्ण गार झाल्यावर आणि प्लग काढून, खालच्या पत्र्यावर खायच्या सोड्याची ओली पेस्ट रात्रभर लावून ठेवा, सकाळी ओल्या फडक्याने पुसा. रॉडवर पाणी ओतायचं नाही, त्याच्यावरचं कोरडं झालेलं लाकडी चमच्याने खरवडा, उरलेलं पुढच्या वेळी आपोआप जळून जातं, वास येतो तेवढा सोसा.

प्रश्न : केळ्याच्या चकत्या नि गुळाचा पाक खाली घालून वरून बॅटर, असा उलटा केक स्प्रिंगफॉर्ममध्ये होईल का? कागद, कणीक, सगळं करायची तयारी आहे. (चोपडा)

उत्तर : नाही. तापलेला पाक पाण्यासारखा वाहतो आणि तो धरतच नाही, केक पुरा होईपर्यंत गळत राहतो. साध्या डब्यात करा, ओव्हनमधून काढल्यावर दहाच मिनिटं थांबा आणि पाक गरम आहे तोवर ताटात उलटा.